नारळाला नव्हे, खडकाला विचारा

सदर : कारणाचा शोध



गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला गावी गेलो होतो. आमच्या वस्तीत नळ आला आहे, पण वस्ती गावाच्या शेवटच्या टोकाला. एप्रिल-मे महिन्यात नळाचे पाणी वरच्या आळीतच संपते. म्हणून वस्तीने ठरवले की विहाराजवळ आपली स्वतःची बोअर घ्यायची. एकतीस घरांनी घरटी दोन हजार रुपये वर्गणी काढली. कुणी शेळी विकून दिले, कुणी ऊसतोडीच्या उचलीतून बाजूला ठेवलेले दिले. मी कारकून माणूस, त्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे आली. बासष्ट हजार रुपये जमा झाले.

मग जागा ठरवायची वेळ आली. विहारात बुद्धवंदना झाली, पंचशील झाले आणि बाहेर आल्यावर त्याच आमच्या माणसांनी पाणाड्याला बोलावले. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वस्तीभर फिरला. विहाराच्या मागे चढावर नारळ उभा राहिला. "दीडशे फुटांवर दोन इंची पाणी," असे सांगून त्याने अकराशे रुपये घेतले. मी तिथे उभा होतो आणि गप्प बसलो. लोकांचा विरस कशाला करा, असे वाटले. ही चूक माझी आहे आणि ती या सदरात मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. दीडशे फूट झाले, दोनशे झाले, तीनशे दहा फूट झाले. वर आला तो फक्त करडा फुफाटा. बायकांनी रिकामे हंडे उचलले आणि त्या घरी गेल्या.

रात्री आई म्हणाली, "ती चढावरची जागा म्हंजी निस्ता काळा फत्तर. बहात्तरच्या दुष्काळात आमी तिथंच खडी फोडली. घण मारला की हात झिणझिण्या येऊन बधिर व्हायचा. त्यात पाणी कुठलं, बाबा?"

मी म्हटले, "मग आई, तू बोलली का नाहीस?"

आई म्हणाली, "मला इचारलं कुणी?"

त्या दिवसापासून हा काळा फत्तर माझ्या डोक्यात बसला आहे. तो आला कुठून, बनला कसा आणि त्यात पाणी कुठे असते नि कुठे नसते? भूगोलाच्या पुस्तकात 'अग्निजन्य खडक' हा शब्द आपण पाठ केला, मार्क मिळवले आणि विसरून गेलो. आज तो धडा नीट वाचू या. कारण त्या एका धड्याची किंमत आमच्या वस्तीने जवळजवळ सगळी वर्गणी घालवून मोजली आहे.

दगड वितळतो कसा?

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की जमिनीच्या खाली सगळीकडे उकळता रस भरलेला आहे. तसे नाही. आपल्या पायाखाली साधारण तीस-चाळीस किलोमीटर जाडीचे खडकाचे कवच आहे. त्याखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण नावाचा थर आहे. तो अतिशय तापलेला आहे, पण बहुतांश घन आहे. एवढा तापूनही तो वितळत का नाही? तर वरच्या खडकाच्या प्रचंड दाबामुळे.

भगिनींना हे लगेच कळेल. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशाला उकळते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ते शंभरच्या पुढे तापूनही पाणीच राहते. पण गरम कुकरचा दाब एकदम सोडला तर आतले पाणी खळखळून उकळते आणि वर उसळते. कुकरमध्ये पाण्याची वाफ होते, जमिनीखाली घन खडकाचा रस होतो. पण दाबाचा नियम तोच. खोल प्रावरणातला तापलेला खडक हळूहळू वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि वेगळी आच न लागताही त्याचा काही भाग वितळतो. या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात.

दुसरा मार्ग पाण्याचा. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो, तेव्हा बर्फ एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. तसेच तापलेल्या खडकात खोलवर पाणी शिरले की तो कमी तापमानाला वितळतो. जपान आणि इंडोनेशियातले ज्वालामुखी असे बनले आहेत. तिथे समुद्राचा तळ जमिनीखाली सरकतो आणि आपल्याबरोबर पाणी खाली नेतो. तिसरा मार्ग म्हणजे खालून आलेल्या रसाच्या उष्णतेने शेजारचा खडक वितळणे.

शिलारस आजूबाजूच्या घन खडकापेक्षा हलका असतो, म्हणून तो भेगांतून वर चढतो. जमिनीवर आला की त्याला लाव्हा म्हणतात. तो निवाला की त्याचा जो दगड होतो, तो अग्निजन्य खडक.

खडीसाखर आणि चिक्की

रस एकच असला तरी तो निवतो कसा, यावर दगडाचे रूप ठरते. साखरेच्या पाकात दोरा सोडून तो कित्येक दिवस हलवला नाही तर दोऱ्यावर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. तोच पाक कडक करून पाटावर ओतला तर घटकाभरात चिक्की होते. तिच्यात खडे नसतात, ती काचेसारखी मोडते. खडे धरायला वेळ लागतो.

दगडाचेही तसेच आहे. शिलारस जमिनीखाली खोलवर अडकला तर तो निवायला हजारो, लाखो वर्षे लागतात. त्यात खनिजांचे मोठे कण धरतात. पांढरा, गुलाबी, करडा असे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात, तो ग्रॅनाइट. दुकानात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारे बरेच दगड शास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतात, हेही लक्षात ठेवा. लाव्हा जमिनीवर येऊन लवकर निवला तर कण इतके बारीक राहतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. तो बेसॉल्ट, म्हणजेच आमच्या आईचा काळा फत्तर. आणि लाव्हा अगदी झटकन निवला तर कण धरतच नाहीत, चक्क काच होते.

कणांबरोबर घटकांचाही फरक आहे. बेसॉल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून तो काळा आणि जड. ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त, म्हणून तो फिकट. बेसॉल्टचा रस हजार ते बाराशे अंश तापमानाचा आणि पातळ असतो. तो दूरवर वाहत जातो.

मोठे म्हणतात म्हणून खरे?

कुणी म्हणेल, हे सगळे दगड बनताना पाहिले कुणी? प्रश्न रास्त आहे. आपण बौद्ध माणसे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते की परंपरा सांगते म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. या दगडाच्या बाबतीतही हेच घडले आहे.

अठराव्या शतकात जर्मनीत वेर्नर नावाचे खाणविद्येचे नामांकित शिक्षक होते. त्यांचे म्हणणे होते की ग्रॅनाइट आणि बेसॉल्टसुद्धा प्राचीन समुद्राच्या पाण्यातून खाली बसलेले थर आहेत. त्यांचा दबदबा मोठा, शिष्य पुष्कळ. स्कॉटलंडचे जेम्स हटन यांना हे पटले नाही. १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट नावाच्या खोऱ्यात त्यांना दिसले की ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकाच्या भेगांत शिरल्या आहेत. म्हणजे तो दुसरा खडक आधीपासून होता आणि ग्रॅनाइट रसाच्या रूपात त्यात घुसला होता. थरावर थर बसून असे होणार नाही.

विरोधक म्हणाले, दगड वितळून निवला तर काच होईल, दगड कसा होईल? तेव्हा हटन यांचे मित्र जेम्स हॉल यांनी भट्टीत बेसॉल्टसारखा काळा दगड प्रत्यक्ष वितळवून पाहिला आणि १७९८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. झटकन निववला तर काच झाली. पुन्हा तापवून सावकाश निववला तर कणीदार दगड झाला. मोठ्या नावापुढे भट्टीतला पुरावा जिंकला.

डोंगर उभा राहताना पाहिलेला माणूसही आहे. मेक्सिकोतील पारिकुतिन गावाजवळ २० फेब्रुवारी १९४३ रोजी दिओनिसिओ पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि धूर-राख येऊ लागली. हा ज्वालामुखी १९५२ पर्यंत धगधगत होता. शेताच्या जागी चारशे मीटरहून उंच डोंगर झाला आणि लाव्ह्याखाली शेजारची वस्ती गाडली गेली. ज्या जमिनीत पुलिदोने नांगर धरला होता, तिथे आज दगड आहे. डोंगर कुणा देवाने उचलून ठेवलेला नसतो, त्यालाही जन्म असतो आणि जन्माला कारण असते.

आपला महाराष्ट्र कसा थरांनी बनला?

आता आपल्या मातीकडे येऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात लाव्हा बाहेर पडला, तो पारिकुतिनसारख्या एका तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. अशा भेगेचा लहान नमुना माणसाने १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी येथे पाहिला. सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आठ महिने लाव्हा ओकत होती. विषारी वायूने गवत नासले, जनावरे मेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातली साधारण पाचातली एक व्यक्ती दगावली. आपल्याकडचे उद्रेक त्याच्या कितीतरी पटींनी मोठे होते.

लाव्ह्याचा एक लोट यायचा, पसरायचा, निवायचा. मग काही काळ शांतता. मग त्याच्यावर दुसरा लोट. असे थरावर थर चढत गेले. बहुतांश थर सुमारे दहा लाख वर्षांच्या आत बसले, असे आजचे संशोधन सांगते. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा साधारण पाचातला चार भाग त्याने व्यापला आहे. नागपूरच्या आसपास त्याची पूर्वेची कड येते. पुढे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे, तेही याच थरांचे बनलेले आहे. घाटातून एसटी चढताना खिडकीतून पाहा, डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकाला शास्त्रज्ञ 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. त्यातल्या ट्रॅप शब्दाचे मूळ स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दात आहे.

एका थराच्या पोटात

पाण्याचे कोडे इथेच सुटते. लाव्ह्याच्या रसात वायू मिसळलेले असतात. वर येताना दाब कमी झाला की वायू सुटतो आणि बुडबुडे वर चढतात. थराचा वरचा भाग लवकर निवतो, त्यामुळे बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून वरचा खडक भोकाभोकांचा होतो. पुढे लाखो वर्षांत या भोकांत पाणी झिरपून पांढरी, हिरवट खनिजे जमतात. काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या खडक म्हणतात. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींत याच पोकळ्यांतून निघणारे चकचकीत स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत.

थराचा मधला भाग सावकाश निवतो. तिथे बुडबुडे राहत नाहीत. तो घट्ट, एकसंध, घणाला दाद न देणारा. निवताना तो आकसतो आणि कधी कधी त्याला उभ्या भेगा पडून खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीला दाट वस्तीच्या मधोमध उभा असलेला गिल्बर्ट हिल हा अशाच खांबांचा सुमारे साठ मीटर उंच कडा आहे. भेगा असतील तर या मधल्या भागात पाणी शिरते, नसतील तर थेंबही शिरत नाही.

दोन लोटांच्या मधल्या शांततेच्या काळात वरचा खडक कुजून पुष्कळ ठिकाणी लाल माती झाली. नंतर आलेल्या लाव्ह्याने ती झाकून भाजली. विहिरीत हा गेरूसारखा लाल पट्टा दिसतो. तो चिकण असल्यामुळे पाणी अडवतो. आणि सर्वांत वर, ऊनपावसाने कुजलेला मुरूम. त्याहून कुजला की आपली काळी कापसाची जमीन.

म्हणजे पाणी असते ते मुरुमात, मांजऱ्यात आणि भेगांत. घट्ट काळ्या पाषाणात नसते. आमची बोअर चढावर घेतली. तिथे मुरूम धुऊन गेलेला आणि खाली घट्ट थर. पाणी लागावे कुठून?

आपल्या पूर्वजांना हा खडक चांगला कळला होता. अजिंठा, कार्ले, भाजे, कान्हेरी ही लेणी याच ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली आहेत. कान्हेरीला गेलात तर नुसते स्तूप आणि मूर्ती पाहून परत येऊ नका. लेण्यांच्या दारांशी कोरलेल्या पाण्याच्या पोढी पाहा. घट्ट कातळातून पाणी निघत नाही, पण त्यात साठवलेले पाणी झिरपूनही जात नाही. म्हणून भिक्खूंसाठी पावसाचे पाणी कातळात साठवण्याची सोय केली. तिथे कुणी नारळ फिरवला नाही, छन्नी आणि हिशेब वापरला.

पुढे काय झाले?

वहीत अकरा हजार चारशे रुपये शिल्लक होते. मी जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात अर्ज दिला. दोन-तीन खेपा झाल्या. मग एक तरुण मुलगी आली, भूशास्त्र शिकलेली. तिने हातात नारळ घेतला नाही. ती नाल्याने चालत गेली, काठावरचे थर पाहिले, जुन्या विहिरींत डोकावली. आणि आमच्या आईजवळ बसून तिने विचारले, "आजी, कोणत्या विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकायचं? दगड कुठं मऊ लागायचा?"

आईने तिला नाल्याजवळच्या आमच्या जुन्या विहिरीपाशी नेले. गावाच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्या काळात आजोबांच्या पिढीने ती खणलेली. नळ आल्यावर आम्ही तिच्यात कचरा टाकून ती बुजवली. त्या मुलीने काठाचे थर दाखवले. वर मुरूम, खाली मांजऱ्या, त्याखाली लाल पट्टा पाणी अडवणारा. म्हणाली, "नवी बोअर नको. हिचा गाळ काढा आणि नाल्याला लहान बांध घाला."

उरलेल्या पैशात यारी भाड्याने आणली आणि बाकी श्रमदान केले. पावसाळ्यात विहीर भरली. यंदा फेब्रुवारी संपेपर्यंत पाणी पुरले. मे महिन्याचा हिशेब मे महिन्यात देईन. वाढवून सांगणार नाही.

वस्तीतले एक थोरले चुलते अजून म्हणतात, "पण अमक्याच्या शेतात नारळानं दाखवलेलं पाणी लागलं होतं." त्यांना मी नम्रपणे म्हणतो, तात्या, लागलेल्या बोअरी आपण मोजतो, कोरड्या गेलेल्या कुणी मोजल्या का? मुरूम-मांजऱ्याच्या भागात कुठेही खणले तरी पुष्कळदा थोडे पाणी लागतेच, त्यात नारळाचे काय? आणि तळहातावरचा नारळ मनगटाच्या बारीकशा हालचालीने उभा राहतो. ती हालचाल धरणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क मिळवण्याची वाट दाखवली. हक्कामागोमाग पाण्याचे ज्ञानही आपलेच असले पाहिजे. विहारात पंचशील म्हणायचे आणि दारात नारळ उभा करायचा, हे धम्माशी जुळत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, ही बुद्धाची शिकवण. ती दगडालाही लागू आहे.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. बोअरसाठी वर्गणी काढण्याआधी भूजल कार्यालयात अर्ज द्या. जुन्या विहिरी बुजवू नका. लेण्यांच्या सहलीला मुलांच्या हातात एक भिंग द्या आणि दगडाचे कण, भोके, थर दाखवा. दहावी-बारावीनंतर मुलीने भूशास्त्र घ्यायचे म्हटले तर "दगड शिकून काय करणार?" असे म्हणू नका. आमच्या वस्तीची विहीर अशाच एका मुलीमुळे पुन्हा उघडली.

आणि घरात कुणी म्हातारी असेल, जिने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली असेल, तर जागा ठरवण्याआधी तिलाही विचारा.

जयभीम!